पहिला घोट कोणी दिला?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. शाळेमागच्या पडक्या गोदामात संध्याकाळी आठवी ते बारावीची पाच-सहा मुलं बसतात. सिगारेटची थोटकं, कधी बाटल्या सापडतात. मागच्या आठवड्यात पंक्चरच्या सोल्यूशनच्या रिकाम्या ट्यूबा आणि प्लास्टिकच्या पिशव्या दिसल्या. त्यातला एक माझ्या मैत्रिणीचा मुलगा आहे. आम्ही पोलीस नाही, डॉक्टर नाही. आमच्यासारख्या साध्या माणसांनी नेमकं करायचं काय?"

ताई, मी सातारा-सांगली भागात एकवीस वर्षं व्यसनमुक्तीचं काम करतो आहे. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तातडीची आहे, ती आधी सांगतो, मग बाकीचं.

सोल्यूशन हुंगणाऱ्या मुलांच्या अंगावर ओरडत धावून जाऊ नका. त्यांना पळवू नका. त्या वाफेने हृदय असं काही नाजूक अवस्थेत गेलेलं असतं, की अचानक दचकलं किंवा जिवाच्या आकांताने पळालं तर ठोके बिघडून मूल जागेवर कोसळू शकतं. अगदी पहिल्यांदा हुंगणारं मूलही. शांतपणे जा, पिशवी बाजूला करा, मोकळ्या हवेत आणून बसवा, हळू आवाजात बोला. कोणी बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवून १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका येईपर्यंत श्वास चालू आहे ना ते बघत राहा आणि काय हुंगलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गावाला कळेल म्हणून लपवू नका. ही नशा मुख्यतः मुलांचीच आहे. २०१९ साली केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला, त्यात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि मुलांत १.१७ टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा मुलं पुढे असलेला हा एकच प्रकार त्या अहवालात आहे. कारण उघड आहे. स्वस्त मिळतो आणि दुकानदार काही विचारत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. मुलगा माझ्यासमोर येऊन बसला की पहिल्या भेटीत मी त्याला किती घेतोस, कुठून आणतोस हे विचारत नाही. एवढंच विचारतो, पहिला घोट कोणी दिला? किंवा पहिली पुडी, पहिला झुरका. उत्तरं ऐकून ऐकून मला पाठ झाली आहेत. मामाच्या लग्नात, हळदीच्या रात्री, दाजींनी. विसर्जनाच्या मिरवणुकीत मंडळाच्या दादाने. गटारीला शेतावर, चुलत भावाने. आजोबांच्या चंचीतून. बाबांच्या ग्लासात उरली होती ती, स्वतःच. कुणा अनोळखी माणसाने दिली असं सांगणारी मुलं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कॉलेजच्या फाटकावरचा विकणारा उभा असतो. तो आहे, त्याच्याबद्दल पुढे लिहितोच. पण तो मुलापर्यंत पोचतो तोवर आपल्याच माणसांनी त्या मुलाला अर्ध्या वाटेवर आणून सोडलेलं असतं. म्हणून साध्या माणसांनी काय करायचं याचं माझं उत्तर आधी घरातून, भावकीतून आणि गल्लीतल्या दुकानातून सुरू होतं.

चौदा वर्षांचा असताना हळदीत प्यायलेल्या एका मुलाने मला सांगितलं होतं, "काकाने कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून दिली. कडू लागली, ठसका लागला. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, आता बाप्या झाला." हे सांगताना तो बोटाने टेबलावर तीच बाटली उभी केल्यासारखं करून दाखवत होता. तोवर तो एकोणीस वर्षांचा झाला होता आणि सकाळी हात थरथरत म्हणून चहाच्या आधी नाईंटी लागायची. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणीही त्याच्यासोबत आलं नव्हतं. आई आली होती.

त्या टाळ्या थांबवणं कोणाच्या हातात आहे? आपल्याच. त्याला निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. माझ्या ओळखीतल्या एका घराने मुलीच्या लग्नात पत्रिका वाटायच्या आधीच भावकीत सांगून टाकलं, हळदीला दारू नाही, आणि कोणी गाडीच्या डिकीतून आणली तर डीजे बंद. हळद रात्री दहाला आटोपली. पोरांना नुसतं "प्यायचं नाही" म्हणून मोकळं सोडलं नाही, मांडव, पार्किंग, पाहुण्यांची ने-आण अशी कामं नावानिशी वाटून दिली. दोन चुलते रुसले. अक्षतांना दोघेही आले. पुढच्या हंगामात त्याच वाडीतल्या आणखी तीन घरांनी तसंच केलं, कारण सुरुवात करायचा वाईटपणा कोणीतरी आधीच घेतला होता. वर्षाला गावात पंचवीस-तीस हळदी होत असतील, तर पोरांच्या आयुष्यातले तितके धोक्याचे दिवस तुम्ही कमी करू शकता.

लहान मुलाच्या हातात पैसे देऊन "जा, पुडी घेऊन ये" म्हणणं तर आजपासून बंद करा. तंबाखू असो, मावा असो, क्वार्टर असो. पुडी आणून द्यायची सवय झालेल्या मुलाला टपरी ओळखीची होते, टपरीवाल्याला मूल ओळखीचं होतं, आणि एक दिवस पुडी घरी पोचायच्या आधी फुटते. आपण याला संस्काराचा विषय समजतो, पण तो कायद्याचाही आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. देणारा काका असला म्हणून सूट नाही. मी हे कलम हळदी-वरातींच्या आधी गावबैठकीत वाचून दाखवतो. लोक चपापतात. चपापलेले बरे.

दुकानदारांकडे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा असं सांगेन. पोलीस महिन्यातून एकदा येतील, दुकानदार रोज बघतो. एका शाळेसमोर स्टेशनरीचं छोटं दुकान चालवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या लक्षात आलं, नववीतला एक मुलगा आठवड्यात तिसऱ्यांदा व्हाइटनर न्यायला आला, आणि त्याच्या वह्यांत खोडलेलं काहीच नसतं. त्यांनी त्याला हाकललं नाही, शाळेत बोभाटाही केला नाही. "आज संपलंय रे" म्हणाल्या आणि एक बिस्किटचा पुडा देऊन विचारलं, "डबा आणत नाहीस का?" तो रडायला लागला. घरी आई नव्हती, वडील ट्रकवर, आजी अंथरुणात. त्या बाईंनी वर्गशिक्षिकेला एकटीला गाठून सांगितलं आणि शिक्षिकेने आम्हाला फोन केला. मूल वेळेत हाती लागलं. त्या दुकानदारबाईंचं शिक्षण सातवी.

म्हणून ताई, तुमच्या गावातली पंक्चरची, सायकलची, हार्डवेअरची दुकानं किती? चार? पाच? दोघीतिघी मिळून जा. त्या रिकाम्या ट्यूबा सोबत न्या, दाखवा आणि सांगा, शाळकरी पोरांना सुटं सोल्यूशन देऊ नका. पंक्चर असेल तर गाडी आणायला सांगा, लावून द्या. बहुतेक दुकानदार ऐकतात. त्यांनाही पोरं असतात. मेडिकलवाल्याशीही बोला. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध ही सगळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. यातली बरीचशी एच-वन यादीत आहेत, म्हणजे डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. 'बटण' आणि 'कुत्ता गोळी' या नावांनी पोरं जे खातात ते बहुतेक वेळा याच कपाटातून बाहेर पडलेलं असतं. टपरीसाठी नियम सोपा आहे: शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत आणि अठराच्या आतल्याला कुठेच विकायचे नाहीत. हा कायदा २००३ चा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे शाळेतलं पोरगंही सांगेल. तक्रार करण्याआधी एकदा तोंडी सांगून बघा, आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीने लेखी द्या. एकट्या बाईच्या अर्जाला टाळता येतं, वीस पालकांच्या सह्यांना टाळणं जड जातं.

आता मैत्रिणीचा मुलगा. इथे बहुतेकांचं पाऊल चुकतं, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

मैत्रिणीला एकटीला भेटा. भिशीत नाही, व्हॉट्सअॅपवर नाही, तिच्या सासूसमोर तर नाहीच. "तुझा मुलगा बिघडलाय" हे वाक्य तोंडातून गेलं की तिचं दार बंद झालं समजा. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा: "परवा सहाच्या सुमारास गोदामापाशी दिसला. डोळे लाल होते, चालताना तोल जात होता. मला काळजी वाटली, म्हणून आधी तुझ्याकडे आले." ती चिडेल. आमचा तसा नाही म्हणेल. वाद घालू नका, चहा घेऊन परत या. दोनतीन दिवसांत तिचा फोन येतो, माझा अनुभव असाच आहे. कारण तिलाही काहीतरी खटकतच होतं: पाकिटातले पैसे कमी, कपड्यांना पेट्रोलसारखा वास, तोंडाभोवती पुरळ, एकदम घसरलेले मार्क, जुने मित्र सुटून अचानक नवेच आलेले. यातली एखादी गोष्ट वयात येणाऱ्या कुठल्याही मुलात दिसते. दोनतीन एकदम दिसू लागल्या की बोलायचं.

मुलाशी बोलताना "तू नशा करतोस का?" या प्रश्नाला एकच उत्तर असतं, "नाही." त्यापेक्षा रात्री जेवण झाल्यावर, दिवा मंद असताना, शेजारी बसून विचारावं, "झोप लागते का रे हल्ली?" मुलं डोळ्यात डोळे घालून बोलत नाहीत, गाडीवर मागे बसून किंवा शेतात पाणी देताना बोलतात. आणि बोललं तर पहिल्या वाक्याला थोबाडीत मारू नका. त्याने जे सांगितलं ते सांगायला त्याला सहा महिने लागलेले असतात. रागवायचं असेल तर उद्या रागवा.

पोरं गोदामात का बसतात हेही बघा. कोणाकडे घरी रोज भांडणं, कोणाला दहावीत नापास होण्याची धास्ती, कोणाला नुसताच कंटाळा, कोणाला गटात राहायचंय म्हणून. सगळ्यांना एकच भाषण देऊन काही होत नाही. शाळेत फुप्फुसांची काळी चित्रं दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रम मीही सुरुवातीची काही वर्षं मनापासून केले. मुलं टाळ्या वाजवतात, घोषणा देतात, आणि संध्याकाळी त्याच ठिकाणी बसतात. नाही कसं म्हणायचं याची तालीम करून घेतली तर उपयोग होतो. "माझी बारी आहे, तालमीत वस्ताद वास घेतात" अशी कारणं मुलं स्वतः शोधतात, ती एकमेकांसमोर म्हणून बघतात, हसतात, आणि वेळ आली की त्यातलं एक तोंडात येतं.

काही गोष्टी मात्र कृपा करून करू नका. मुलांना पकडून त्यांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. एका गावात असा व्हिडिओ फिरला. त्यातल्या दोन मुलांनी शाळा सोडली आणि ज्याने माल पुरवला होता त्याच्याचकडे कामाला लागली, कारण गावात दुसरं कोणी त्यांना उभं करत नव्हतं. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातींतली पूड किंवा गोळी चहात, भाजीत मिसळून देऊ नका. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच देतात. रोज पिणाऱ्या तरुणाला खोलीत कोंडून एकदम दारू तोडू नका, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. दारू तोडताना डॉक्टर लागतो. "लग्न लावून द्या, सुधारेल" हा सल्ला तर कोणीच कोणाला देऊ नये. एका मुलीचं आयुष्य म्हणजे उपचार नव्हे. आणि कुठल्याही बोर्डावर 'व्यसनमुक्ती' लिहिलंय म्हणून मुलाला तिथे टाकून येऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा केंद्राची नोंदणी लागते. नोंदणी विचारा, डॉक्टर कोण ते विचारा, नातेवाइकांना भेटू देतात का ते विचारा. मारहाण करून सुधारतो असं अभिमानाने सांगणाऱ्या ठिकाणाहून त्याच पावली परत या.

विकणाऱ्यांबद्दल. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आता मुंबईपुरतं राहिलेलं नाही. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखाना सापडला, २०२४ मध्ये दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो किलो माल पकडला गेला. आपल्याच महाराष्ट्रात बनतंय, आपल्याच रस्त्यांनी फिरतंय. अशा माणसाला तुम्ही स्वतः जाब विचारायला जाऊ नका. फोटो काढायला जाऊ नका. वेळ, जागा, गाडीचा नंबर एवढं टिपून ठेवा आणि अमली पदार्थांच्या माहितीसाठीच्या १९३३ या राष्ट्रीय क्रमांकावर कळवा; तिथे नाव न सांगता माहिती देता येते. जिवाला धोका असेल तर ११२. सल्ला आणि उपचारांसाठी १४४४६ वेगळा आहे, तो फुकट आहे. पालक पोलिसांच्या भीतीने उपचार टाळतात, त्यांना हेही सांगा की एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे.

गावातलं दारूचं दुकानच हलवायचं असेल तर आडव्या बाटलीचा मार्ग महाराष्ट्रात आहेच, बायकांनी मतदान करून कितीतरी दुकानं बंद पाडली आहेत. पण त्याला महिने लागतात, आणि दुकान बंद झालं की चोरटी विक्री सुरू होते, तिच्यावर लक्ष ठेवायला तीच बायकांची फळी टिकावी लागते. ते काम हाती घ्यायचंच असेल तर वेगळं, पूर्ण ताकदीने घ्या.

तुमच्या गोदामावर मात्र या महिन्यात काम होऊ शकतं. मालकाला सांगून दार बसवून घ्या, ग्रामपंचायतीकडून समोर एक दिवा लावून घ्या. पण तेवढ्याने पोरं कॅनॉलवर जाऊन बसतील. संध्याकाळी पाच ते आठ हे तीन तास त्यांना जायला जागा आहे का, ते पाहा. आइसलँडसारख्या छोट्या देशाने हेच केलं. तिथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती; २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी खेळाला, संगीताला पैसे दिले, वयाचे नियम कडक केले, आणि पालकांनी एकमेकांशी ठरवून मुलं रात्री बाहेर राहणार नाहीत याची जबाबदारी घेतली. आपल्याकडे तितका पैसा नाही. पण जुनी तालीम आहे, शाळेचं पटांगण सहा वाजता कुलूपबंद पडलेलं आहे, निवृत्त पीटीचे सर घरी पेपर वाचत बसलेले आहेत. मुख्याध्यापकांकडून किल्ली मिळवा आणि सरांना तासभर उभं करा. कबड्डीला ना नेट लागतं ना बॅट. मैदानात येणाऱ्यांत त्या गोदामातल्या पोरांना आधी बोलवा, चांगल्या पोरांना नंतर. उलटं केलं तर ही पोरं कडेलाच उभी राहतात.

आणि उपचार घेऊन परत आलेल्या मुलाला जागा ठेवा. आमच्याकडून बाहेर पडल्यावर पहिले तीन महिने सगळ्यात कठीण असतात. एका मंडळाने अशा मुलाला गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं आणि हिशेब सांभाळायला दिला. घरचे घाबरले होते, पैशाला हात लावेल म्हणून. दहाव्या दिवशी त्याने हिशेब मांडला, अकरा रुपये जास्त निघाले, ते कोणाचे हे शोधत तो दोन गल्ल्या फिरला. त्याच गावात दुसऱ्याला चौकात कोणीतरी रोज "काय रे, आज कोरडा का?" म्हणायचं. तो चाळिसाव्या दिवशी परत प्यायला. दोघांचे डॉक्टर एकच होते, औषधं एकच होती.

ताई, मैत्रिणीकडे उद्याच जा, शनिवार-रविवारची वाट बघू नका. सोल्यूशनला थांबायला वेळ नसतो. आणि ती मुलाला घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा आमच्यासारख्या ठिकाणी यायला तयार झाली, तर पहिल्या भेटीला तुम्हीही सोबत या. आत बसायची गरज नाही, बाहेर बाकावर बसा. आमच्या फाटकापर्यंत येऊन, बोर्ड वाचून, परत फिरलेल्या कितीतरी आया मी खिडकीतून पाहिल्या आहेत. त्यातल्या बहुतेक एकट्या आलेल्या होत्या.